कथेत कुणाला काय ठाऊक आहे?

इंदूरच्या रामबागेत वाढलेले आणि सध्या बँकेत नोकरी करणारे एक तरुण लेखक विचारतात: "काही वर्षांपासून दिवाळी अंकांना कथा पाठवतोय. बहुतेक परत येतात, नाहीतर उत्तरच येत नाही. एका संपादकांनी मात्र एक ओळ लिहून कळवली, 'अनुभव आहे, पण कथा नाही.' म्हणजे नेमकं काय नाही? सोबत 'वाडा' ही कथा पाठवतो. आम्ही महाराष्ट्राबाहेरचे म्हणून मागे पडतो का? संवादांत हिंदी किती चालते? शेवट कुठे फसतो? आणि घरच्यांवर लिहिलं तर ते ओळखतील, त्याचं काय करायचं?"

महाराष्ट्राबाहेरचं गाऱ्हाणं आधी उरकून टाकू, कारण ते मनात ठेवून लिहायला बसलं की हात आखडतो. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलंय, तेव्हा आपलं गाव मराठीच्या नकाशावर नाही असं कुणी म्हणू नये. मी बरीच वर्षं एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांची पहिली चाळणी करतो. पाऊस सुरू होता होता गठ्ठा येतो. पाठवणारा कुठला आहे हे बघायला वेळ असतो कुणाला? पहिलं पान वाचायचं आणि दुसरं उलटावंसं वाटतं का ते बघायचं. खरं सांगायचं तर मुलगा अमेरिकेत आणि आईवडील पुण्याच्या फ्लॅटमध्ये, अशा कथा एका मोसमात इतक्या येतात की रामबागेतला वाडा दिसला की वाचणारा जरा सावरून बसतो. हा फायदा तुमच्या बाजूला होता. तो पहिल्या दोन पानांतच गेला.

त्या दोन पानांत काय आहे? पणजोबा होळकरांच्या नोकरीत कसे आले, वाडा कसा बांधला, सागवान किती जुनं, चौकातली विहीर, तुळशीवृंदावन, गणपतीची आरास. तिसऱ्या पानावर पहिलं माणूस तोंड उघडतं. मग तीन भाऊ, बिल्डर, सुनांची कुजबुज, आजोबांचं मौन. रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी आजोबा अंथरुणातच गेलेले सापडतात. शेवटची ओळ: 'वाडा मात्र उभाच होता.' भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखन इतकं नीट की गठ्ठ्यात असं क्वचित दिसतं. तरीही मी संपादक असतो तर कथा परत पाठवली असती.

कारण या कथेत सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. निवेदकाला पहिल्या ओळीपासून शेवट माहीत आहे. भावांना एकमेकांच्या मनातलं कळतं, आजोबांना न बोलता सगळं उमगतं, आणि जे जे निवेदकाला माहीत आहे ते तो वाचकाला लगोलग सांगून टाकतो. त्यामुळे कुणाला काही लपवावं लागत नाही, कुणाचा अंदाज चुकत नाही, कुणाला काही उशिरा कळत नाही. वाडा विकला गेला, हा अनुभव झाला. तो विकला जातोय हे आधी कुणाला कळलं, ते त्यानं कुणापासून का लपवलं, आणि ज्याला शेवटी कळलं त्याचं त्यामुळे काय बिघडलं, हे जुळवायला घेतलं की कथा सुरू होते. संपादकांच्या त्या ओळीचा मी लावतो तो अर्थ हा. पात्ररचना, वातावरण, संघर्ष हे शब्द कार्यशाळांमध्ये खूप ऐकू येतात आणि ते खोटे नाहीत. पण नवीन माणसाची कथा माझ्यासमोर आली की मी एकच गोष्ट शोधतो: इथे कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणाला नाही. बाकीचे निम्मे दोष तिथूनच निघालेले असतात.

गंमत म्हणजे तुमची कथा तुमच्या कथेतच आहे. सहाव्या पानावर, एका लांबलचक परिच्छेदाच्या मधोमध, असं वाक्य आहे: 'मागच्या खोलीतल्या भाडेकरू काकूंना हे आधीच समजलं होतं, कारण सगळे लग्नाला गेले असताना मोजणी करायला माणसं येऊन गेली होती.' एवढं बोलून निवेदक पुढे जातो आणि काकू परत कथेत येतच नाहीत. मी तिथे थांबलो, मागे जाऊन पुन्हा वाचलं. सगळं घर बाहेर असताना कुणीतरी वाडा मोजून जातं. ते कुणी पाठवले? म्हणजे एका भावानं बाकीच्या दोघांना न सांगता बोलणी केली आहेत. आणि हे ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती अशी, की जिचं घरात काही चालत नाही आणि वाडा गेला तर जिचं छप्पर जाणार आहे. ही बाई गप्प का बसली?

पुढचं काही लिहायच्या आधी हे एवढं करा. पाठकोरा कागद घ्या आणि कथेतल्या प्रत्येक माणसापुढे लिहा: याला काय माहीत आहे, कधीपासून, कुणाकडून, आणि तो काय माहीत नसल्याचं दाखवतोय. थोरल्यानं बयाणा (इसार) घेतला आहे. मधल्याला वाटतं, बोलणं अजून हवेत आहे. धाकट्याला बयाण्याचं कळलंय, पण रक्कम चुकीची कळली आहे. चुकीची माहिती हा प्रकार विसरू नका, कथेत ती अज्ञानापेक्षा जास्त कामाची असते. थोरल्या सुनेला नवऱ्याकडून कळलेलं नाही, कपाटात कागद सापडला म्हणून कळलं, आणि तिनं तो होता तसा परत ठेवला. आजोबांना काहीच माहीत नाही असं सगळे धरून चालतात. काकूंनी मोजणीचा टेप बघितलाय. हा कागद भरताना तुम्हाला आपोआप प्रसंग सुचतील, कारण ज्याला माहीत आहे तो आणि ज्याला माहीत नाही तो एका खोलीत आले की काहीतरी घडणारच. मग ते दोघं फक्त गणपतीच्या वर्गणीबद्दल का बोलत असेनात.

आता तुमची सुरुवात बघा: 'रामबागेतला आमचा तो जुना वाडा म्हणजे केवळ दगडविटांची वास्तू नव्हती, तर चार पिढ्यांच्या सुखदुःखाचा तो मूक साक्षीदार होता.' यातला वाडा कुठलाही असू शकतो. सांगणारा कोण, कुठे उभा आहे, त्याला हे आत्ता का सांगायचंय, यातलं काही कळत नाही. तेच काकूंच्या तोंडून घेऊन बघू. हा फक्त नमुना आहे, तुम्ही तुमचं लिहा:

'मालकांकडची सगळी मंडळी उज्जैनला लग्नाला गेली, त्या दिवशी दुपारी दोघं जण टेप घेऊन आले. एकानं विहिरीपाशी टोक धरलं, दुसरा मागे मागे सरकत माझ्या न्हाणीपर्यंत आला. "माताजी, जरा बाल्टी हटा लो," म्हणाला. मी बादली उचलली. रात्री मंडळी परतली. थोरल्या सूनबाई लाडवाचा पुडा द्यायला आल्या, जाताना दारातून विचारलं, "कुणी आलं नव्हतं ना, काकू?" मी म्हटलं, "कोण येणार?"'

यात चार पिढ्या नाहीत, सागवान नाही, साक्षीदार मूक आहे असंही कुठे म्हटलेलं नाही. पण वाचकाला आता तीन गोष्टी कळल्या आहेत. वाड्याची मोजणी झाली. काकू खोटं बोलल्या. आणि सूनबाईंनी 'कुणी आलं होतं का' असं न विचारता 'आलं नव्हतं ना' असं विचारलं, म्हणजे त्यांनाही काही वास लागलेला आहे. हे तिसरं काहींच्या नजरेतून सुटेल, सुटू दे. दुसऱ्या वाचनासाठी काहीतरी राहिलेलं बरं. पान उलटायला वाचकाला एवढं पुरतं: ही बाई खोटं का बोलली?

त्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत हवं, आणि इथे थोडा अभ्यास लागतो. जुन्या भाडेकरूची बाजू काय असते, त्याच्याकडे पावत्या असतात की नाही, मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे तो घर रिकामं करून घेण्याबद्दल काय म्हणतो, हे एखाद्या वकिलाकडे अर्धा तास बसून समजून घ्या. त्यातली एकही ओळ कथेत घालू नका. पण काकूंना आपण कायद्यानं किती सुरक्षित आहोत याची कल्पना नाही आणि त्या उगाच घाबरून आहेत, की त्यांना नीट कल्पना आहे आणि त्या दबा धरून बसल्या आहेत, यावर तुमची सगळी कथा बदलते. पहिल्या कथेत ती बिचारी आहे. दुसरी मला जास्त आवडेल.

आता निवेदन. मी, तो आणि सर्वज्ञ, असे तीन प्रकार शाळेपासून ऐकलेले असतात, त्यामुळे ही निवड व्याकरणाची आहे असा समज होतो. खरं तर सांगणाऱ्याला किती माहिती असू द्यायची याचा तो निर्णय आहे. काकू 'मी' म्हणून सांगतील तेव्हा बंद दाराआड भावांचं काय बोलणं झालं ते त्यांना सांगता येणार नाही. त्यांना भांड्यांचा आवाज ऐकू येईल, कुणाची गाडी रात्री उशिरा आली ते कळेल, सकाळी कुणाचे डोळे सुजलेत ते दिसेल. नवीन लेखकाला ही अडचण वाटते आणि मग तो काकूंना खिडकीशी नेऊन उभं करतो, म्हणजे सगळं ऐकू यावं. कृपा करून खिडकी नको. काकूंना जे ऐकू आलं नाही त्याचा त्या अंदाज बांधतील, तो अर्धा चुकेल, आणि त्या चुकलेल्या अंदाजावर त्या काहीतरी करून बसतील. तुमची कथा तिथेच आहे.

'तो' किंवा 'ती' वापरून एकाच माणसाच्या खांद्यावरून बघायचं, हा मला नवीन माणसासाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. 'मी' मध्ये बोलकेपणाचा मोह होतो, इथे तो आपोआप आटोक्यात राहतो. एकच पथ्य पाळायचं: एका प्रसंगात एकाच डोक्यात राहायचं. 'थोरल्याला राग आला. मधल्याला वाटलं, हा नेहमीचाच. आजोबा मनात हसले.' अशी तीन वाक्यं लागोपाठ आली की वाचक कुणाच्याच जवळ जात नाही. सर्वज्ञ निवेदक वर्ज्य आहे असं नाही, पण त्याला स्वतःचा स्वभाव लागतो. जो सगळं जाणतो त्यानं काय आधी सांगायचं आणि काय दाबून ठेवायचं, यात त्याचा खवचटपणा किंवा माया दिसली पाहिजे. तुमच्या कथेतला निवेदक सर्वज्ञ आहे पण स्वभावानं नगरपालिकेचा माहितीफलक आहे.

लहान मुलाच्या नजरेतून सांगायचा मोह तुमच्या पुढच्या कथेत होईल, तो सगळ्यांनाच होतो. वाडा, आजी, उन्हाळ्याची सुट्टी, कैरीचं पन्हं. दहा वर्षांच्या मुलाला बयाणा कळत नाही. त्याला हे कळतं की आज आईनं बाबांना वाढलं नाही, ताट नुसतं समोर ठेवलं. तो कारण चुकीचं लावतो: भाजीत मीठ जास्त पडलं असेल. वाचक खरं कारण लावतो. इथपर्यंत उत्तम. पण मग लेखकाचा धीर सुटतो आणि तो लिहितो, 'तेव्हा मला कळलं नव्हतं, पण आज इतक्या वर्षांनी समजतं की...' हे वाक्य दिसलं की मी पेन्सिलीनं त्याच्याखाली रेघ मारतो. वाचकाला जे आधीच समजलं होतं ते तुम्ही त्याच्या हातून काढून घेऊन परत त्यालाच दिलंत.

तपशील कुठले घ्यायचे हेही यातूनच ठरतं. इंदूरचा होळकरांचा राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, आगीत तो एकाहून अधिक वेळा सापडला आणि शेवटची मोठी आग १९८४ ची, हे सगळं खरं आहे. पण राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहणारा माणूस मजले मोजत नाही. त्याला गाडी कुठे लावायची याची चिंता असते. मजले मोजतो तो पाहुणा. तेव्हा तुमच्या कथेत राजवाड्याचे मजले आले की वाचकाला वाटतं, सांगणारा बाहेरून आलेला आहे किंवा बाहेरच्याला दाखवायला निघालेला आहे. इंदूरच्या लेखकांत हा दोष फार. पुण्या-मुंबईच्या वाचकाला गाव दाखवायचं म्हणून सराफा (दिवसा सोन्याचा बाजार, रात्री खाऊगल्ली), छप्पन दुकान, पोहे-जिलबी, भुट्ट्याचा कीस, गराडू, अशी सगळी पंगत एका परिच्छेदात बसवतात. सराफा घ्यायचाच असेल तर तो कुणाचा, ते ठरवा. सोन्याच्या पेढीवर काम करणाऱ्याला रात्रीचा सराफा म्हणजे शटर ओढताना पायऱ्यांवर येऊन बसलेली गिऱ्हाइकं आणि सकाळी पायऱ्यांवर राहिलेलं तेल. हेच त्याला दिसणार. काकूंना तर सराफा म्हणजे मोडीत दिलेल्या पाटल्या, आणि त्या पाटल्यांचं त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

कचरागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते. तुमच्या कथेत ती शहर स्वच्छतेत पहिलं आलं हे सांगायला येते. माझ्या मते ती अशा वेळी यावी की मधली सून ओला कचरा, सुका कचरा घेऊन फाटकाशी उभी आहे आणि शेजारीण तिला सहज विचारते, "काय हो, तुम्ही लोक कुठे बघताय मग, सुदामा नगरला?" तिला अजून काही माहीतच नाही. गाडी पुढे निघून जाते, कचरा हातातच.

संवादांकडे वळतो. तुमच्या पाचव्या पानावर धाकटा म्हणतो, "दादा, तुला माहीतच आहे की आपल्या पणजोबांनी हा वाडा किती कष्टानं उभा केला आणि आपले बाबा शिक्षक असूनही त्यांनी तो कधी विकला नाही." दादाला माहीतच आहे तर धाकटा सांगतोय कुणाला? वाचकाला. दोन माणसांना जे दोघांनाही ठाऊक आहे ते ती एकमेकांना सांगत नाहीत, त्याच्या आजूबाजूनं बोलतात. भांडणात तर फारच. सख्खे भाऊ वाड्यावरून भांडत नाहीत, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे कुणी दिले होते यावरून भांडतात. आणि तेही पुरतं बोलत नाहीत. "ते राहू दे आता" एवढंच म्हणतात. वाचकानं ओळखावं काय राहू द्यायचं ते.

हिंदी किती चालते, या प्रश्नाचं टक्क्यांत उत्तर नाही. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, हे आपल्या घरांत अगदी ठरलेलं असतं, आणि ते जसंच्या तसं उचला. आजी भाजीवाल्याशी हिंदीत बोलते पण घासाघीस संपल्यावर आपल्याशीच मराठीत पुटपुटते. नवराबायको मराठीत, पण पैशाचे आकडे हिंदीत. आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही:

'"जेवलास का रे?"

"हाँ आजी, खा लिया।"

"काय होतं?"

"वही, टिफिन का।"'

यावर निवेदकानं एक अक्षरही बोलायचं नाही. 'नवीन पिढीची मराठी सुटत चालली होती' असं वाक्य जोडलं की चार ओळींची कमाई गेली. आणि एखाद्या दिवशी हाच नातू काहीतरी लपवायचं असताना आजीशी अचानक शुद्ध मराठीत बोलायला लागला, तर आजीला तिथेच कळेल. ही सोय पुण्याच्या लेखकाकडे नाही, तुमच्याकडे आहे.

बिल्डरचा माणूस 'भिया' म्हणेल, 'कां जा रिये हो' म्हणेल. म्हणू द्या, पण प्रत्येक वाक्यात नको. पहिल्या दोन वाक्यांत माणूस कानात बसला की पुढे साधी हिंदी चालते. माळवी ढंग विनोदासाठी वापरण्याची वाईट खोड आपल्या मराठी नाटकवेड्या मंडळींना आहे. तुमचा दलाल असं बोलतो म्हणून तो मूर्ख नाही. कदाचित तुमच्या कथेत सगळ्यात जास्त माहिती त्यालाच आहे. हिंदी वाक्याचा अर्थ कंसात देऊ नका. महाराष्ट्रातल्या वाचकाला एवढी हिंदी येते, आणि एखादा शब्द नाहीच कळला तर समोरचा काय करतो यावरून कळतो.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपल्याकडे कथाकथनाला टाळ्या फार मिळतात. तिथे सांगणाऱ्याचा आवाज असतो, डोळे असतात, थांबणं असतं, समोरच्या रांगेतल्या ओळखीच्या काकांना बघून मारलेला टोमणा असतो. त्या व्यासपीठावर गाजलेली कथा कागदावर उतरली की बऱ्याचदा कोरडी पडते, आणि लेखक संपादकाला दोष देतो. शेवटच्या ओळीत टाळी घ्यायची सवय तिथूनच येते. तुमची 'वाडा मात्र उभाच होता' ही टाळीची ओळ आहे. कथाकथन जरूर करा, पण छापायला पाठवायची प्रत दुसऱ्या कुणाला तरी सपाट आवाजात वाचायला सांगा आणि तुम्ही नुसतं ऐका. जिथे त्याची जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा तुमचंही काहीतरी अडखळलेलं असतं.

काळाबद्दल थोडक्यात. तुम्ही चार पिढ्या नऊ पानांत घेतल्या आहेत. कथेत काळ लांब असू शकतो, फक्त तो कुणाच्या तरी वाट बघण्यात किंवा लपवण्यात बांधलेला हवा. आपल्याच शहरातली हुकुमचंद मिल घ्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायचा मार्ग २०२३ च्या डिसेंबरात मोकळा झाला. मधे तीस वर्षं. यावर कथा लिहायची तर बहुतेक जण भोंगा बंद पडला तिथून सुरुवात करतील आणि एकेक वर्ष ओढत आणतील. मी एक दिवस घेईन: पैसे मिळणार म्हणून कागद गोळा करायचा दिवस. कामगार वारला आहे, बायको ट्रंक उपसते आहे, आणि तिला एक पावती सापडते जिच्यावरून समजतं की नवऱ्यानं हक्काच्या पैशांच्या भरवशावर कधीच कुणाकडून तरी उचल घेतली होती. ते कुणीतरी अजून जिवंत आहे. तीस वर्षं त्या ट्रंकेत बसली की मग ती सांगावी लागत नाहीत.

शेवट. आजोबा रजिस्ट्रीच्या सकाळी जातात. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात म्हातारी माणसं शेवटच्या पानावर फार मरतात, हे मी चाळणीवाला म्हणून सांगतो. मरणाला माझी हरकत नाही. पण इथे ज्याच्याकडे उत्तर होतं त्यालाच तुम्ही उचललंत, म्हणजे आजोबांना काय ठाऊक होतं हे तुम्हाला ठरवावंच लागलं नाही. शिवाय व्यवहाराकडे बघा. वाडा आजोबांच्या नावावर असेल तर ते गेल्यावर त्या दिवशीची रजिस्ट्री होणारच नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, नामांतरण, बहिणींच्या सह्या. हो, तुमच्या कथेत बहिणीच नाहीत! चार पिढ्यांच्या मराठी घरात एकही मुलगी जन्मली नाही? तुमची कथा जिथे संपते तिथे घरातली खरी कथा सुरू होते आहे, कारण आता बयाणा घेतलेल्या थोरल्याला तोंड उघडावंच लागेल आणि भोपाळहून आलेली आत्या तेराव्याला विचारेल, "माझी सही कशाला हवी आहे?"

मी तर आजोबांना मरू देणार नाही. ते रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी काकूंकडे येतील, बाहेरच उभे राहतील, आणि विचारतील, "त्या दिवशी टेप घेऊन किती जण आले होते?" म्हणजे त्यांना माहीत होतं. काकूंना माहीत आहे हेही माहीत होतं. काकू काय उत्तर देतात तिथे मी थांबेन, पुढे वाडा विकला गेला की नाही ते सांगणार नाही. तुम्हाला वेगळा शेवट सुचला तर फारच चांगलं, फक्त त्यात कुणाला तरी काहीतरी कळू द्या, किंवा कळायचं राहून गेलं हे आम्हाला दिसू द्या.

पाठवण्याच्या गोष्टी भराभर सांगतो. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही वाट रुळलेली आहे आणि तिचे रिवाज आहेत. कथा उन्हाळ्यात लिहून संपवा आणि जूनच्या सुमारास पाठवा. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षीच्या अंकासाठीही कुणी जपून ठेवत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, ठळक आणि रंगीत अक्षरं नकोत. तीन-चार हजार शब्दांच्या आत राहिलात तर नवीन माणसाला जागा मिळणं सोपं जातं. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नका, हे जग लहान आहे. सोबतच्या पत्रात कथेचा आशय समजावू नका.

राहता राहिली घरची माणसं. ती ओळखतील. माणसं स्वतःच्या कृत्यावरून सहसा स्वतःला ओळखत नाहीत, कारण आपण तसं वागलो असं त्यांना वाटतच नाही. ती ओळखतात स्वतःच्या स्कूटरच्या रंगावरून, 'काय आहे ना की' अशा बोलण्याच्या लकबीवरून, चष्म्याला बांधलेल्या दोरीवरून. तेव्हा वागणूक ठेवा आणि वस्तू बदला. मास्तर असतील तर पोस्टात घाला, तीन भावांचे दोन भाऊ आणि एक बहीण करा. तशीही बहीण हवीच आहे. हे बदल भीतीपोटी केले तरी कथेचा फायदाच होतो, कारण खऱ्या काकांना काय ठाऊक होतं हे तुम्हाला माहीत नाही, पण पोस्टातल्या काकांना काय ठाऊक असावं हे तुम्ही ठरवू शकता. घरात जागेचं प्रकरण प्रत्यक्ष कोर्टात चालू असेल तर मात्र छापायला देण्याआधी तुमच्या वकिलाला एकदा वाचायला द्या, आणि आईला तर नक्की द्या, अंक घरी येण्याच्या आधी.